वाळत घातलेली गादी



या व्याख्यानमालेत आजवर ज्ञानेश्वरी झाली, राज्यघटना झाली, विदर्भाचा अनुशेष तर बहुधा तीनदा झाला. मी माझा विषय फोनवर सांगितला तेव्हा पलीकडून थोडा वेळ काहीच ऐकू येईना. मग हळूच प्रश्न आला, "मॅडम, पत्रिकेवर काय छापायचं?" पत्रिकेवर 'बालआरोग्य : एक चिंतन' छापलेलं आहे. चिंतन वगैरे काही नाही. शाळेत जाणारं मूल रात्री अंथरुणात शू करतं, त्याबद्दल मी बोलणार आहे. कोणाला उठून जायचं असेल तर आत्ताच जा. नंतर उठलात तर लोक भलताच अर्थ काढतील. (हशा)

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांची मी विद्यार्थिनी नव्हे. पण नागपूरच्या या सक्करदऱ्यात मी दवाखाना उघडला तेव्हापासून त्यांच्या चिठ्ठ्या मला यायच्या. वहीचा अर्धा कागद, त्यावर दोन ओळी. एकदा लिहिलं होतं, मुलगा हुशार आहे, चपळ आहे, पण मुक्कामाच्या सहलीला नाही म्हणतो, कारण बघावे. बस, एवढंच. पैसे नाहीत म्हणून नाही म्हणत असेल, असं कोणीही समजलं असतं. गुरुजींना वाटलं, हे पैशाचं 'नाही' नव्हे. त्या एका चिठ्ठीमुळे मी हा विषय आजच्यासाठी निवडला.

सकाळी मी तलावाच्या बाजूनं फिरायला जाते. वाटेत एखाद्या गॅलरीच्या दांड्यावर गादी वाळत घातलेली दिसते. ऊन द्यायला काढलेल्या गाद्या वेगळ्या आणि ही वेगळी, हे गल्लीत सगळ्यांना कळतं. उन्हाच्या गाद्या रविवारी निघतात, चार-पाच एकदम. ही एकटीच असते आणि रोज असते. मधोमध नकाशा. खाली शाळेची ऑटो येऊन थांबते, आतली पोरं मान वर करून बघतात, आणि ज्याची ती गादी आहे तो दप्तर सावरत त्यांच्याच मांडीला मांडी लावून बसतो. त्या पोरानं वर्गात काय शिकावं, सांगा बरं?

आता थोडे आकडे. पाच वर्षांपर्यंत वैद्यकशास्त्र याला आजार म्हणतच नाही. पाचव्या वर्षी शंभरातल्या पंधरा मुलांचं अंथरूण ओलं होतं. सातव्या वर्षी पाच ते दहा, दहाव्या वर्षी पाचेक, आणि पंधराव्या वर्षीही एखाद-दुसरं मूल उरतंच. मुलींपेक्षा मुलगे जास्त. म्हणजे दुसरीच्या पन्नास मुलांच्या वर्गात अशी तीन-चार तरी बसलेली असतात. आणि त्या तिघा-चौघांपैकी प्रत्येकाला वाटत असतं, जगात असा मी एकटाच.

हे होतं का? मुद्दाम करतो, आळशी आहे, उठायचा कंटाळा येतो त्याला, ही तीन कारणं मी दवाखान्यात इतक्यांदा ऐकली की ती मला पाठ झाली. खरं कारण कळायला आपला तलावच उपयोगी पडेल.

कुठल्याही तलावाच्या तीन गोष्टी बघायच्या. येवा किती, साठा किती मावतो, आणि राखणदार जागा आहे का. शरीराचंही तसंच. रात्री मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी व्हॅसोप्रेसिन नावाचं एक संप्रेरक जास्त सोडते. ते मूत्रपिंडाला सांगतं, आता बेतानं, धनी झोपलाय. त्यामुळे रात्री लघवी कमी तयार होते. काही मुलांमध्ये ही रात्रीची व्यवस्था उशिरा बसते, येवा दिवसाइतकाच राहतो. हे झालं पहिलं. दुसरं, साठा. मुलाच्या वयात एक मिळवायचा आणि तीसनं गुणायचं, की मूत्राशयात साधारण किती मिलिलिटर मावावं ते कळतं. सात वर्षांच्या मुलाचे झाले २४०, म्हणजे एक मोठा पेला. काहींचं त्याहून कमीवर भरतं. तिसरा राखणदार. मूत्राशय भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत जातो, पण मेंदू मुलाला जागं करत नाही. आया म्हणतात, "डॉक्टर, कानाशी ढोल वाजवला तरी उठत नाही." बरोबर आहे त्यांचं. पण ते नाटक नाही हो! झोपलेलं मूल ठरवून काही करत नाही.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपुरात कोणी विसरलेलं नाही. रात्रीतून पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव भरून वाहू लागला आणि लोक झोपेत असताना घरांत पाणी शिरलं. दुसऱ्या दिवशी आपण काय काय विचारलं? पाऊस किती झाला, नाल्याचं पात्र कोणी अडवलं, सूचना वेळेवर का मिळाली नाही. तलावाला कोणी लाज काढून विचारलं नाही, की बाबा रे, एवढा मोठा झालास तरी अजून तेच?

चौथी गोष्ट रक्ताची. हिचा शोध मला दवाखान्यात लागला, पुस्तकात नंतर वाचली. एक बाप आठ वर्षांच्या मुलाला दंडाला धरून घेऊन आला. आवाज चढलेला. लाज नाही, शिस्त नाही, याच्या वयाचा असताना मी दूध आणायला जात होतो, वगैरे. सोबत त्याची आई होती, म्हणजे पोराची आजी. ती इतका वेळ गप्प होती. मग पदर सावरून म्हणाली, "दूध आणत होता, खरं आहे. पण सहावीपर्यंत तुही गोधडी मीच धूत होती नं बाप्पा." त्यानंतर त्या खोलीत जी शांतता पसरली, तिच्याइतकं गुणकारी औषध मी कधी लिहून दिलेलं नाही. पोरानं पहिल्यांदा बापाकडे मान वर करून बघितलं.

आईवडिलांपैकी एकाला लहानपणी हे असेल तर मुलात येण्याची शक्यता शंभरात चाळीसच्या वर जाते, दोघांना असेल तर सत्तरच्या वर. म्हणून मी नेहमी आजीला सोबत आणायला सांगते. घराचा खरा इतिहास तिच्याकडे असतो. आमच्या घराचा मात्र मला विचारू नका, माझा थोरला भाऊ पहिल्या रांगेत बसला आहे. (हशा)

आता शिक्षेबद्दल. हे सांगताना मला हसता येत नाही.

इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल आठ वर्षांचा असताना निवासी शाळेत गेला आणि तिथे गेल्यावर त्याचं अंथरूण पुन्हा ओलं होऊ लागलं. घरी ते थांबलं होतं. आज कुठलाही बालरोगतज्ज्ञ सांगेल, की घर सुटलं म्हणून झालं. तेव्हा त्याला घोड्याला मारायच्या छडीनं मारलं. लागलं नाही असं बाहेर येऊन म्हणाला म्हणून परत बोलावून मारलं, छडी मोडेपर्यंत. त्याच्या मृत्यूनंतर १९५२ साली छापलेल्या दीर्घ निबंधात हे सगळं आलं आहे. पुढे अंथरूण कोरडं राहू लागलं, हेही तो प्रामाणिकपणे सांगतो, आणि त्याची फार मोठी किंमत मोजावी लागली असंही. पाप आपण करतोच असं नाही, ते आपल्या हातून नकळतही घडतं, आपल्याला इच्छा नसताना घडतं, आणि तरी शिक्षा होते, हा धडा आठ वर्षांच्या मुलाला मिळाला. मारामुळे थांबलं की शाळेत रुळल्यामुळे? माझं मत विचाराल तर दुसरं.

ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची, साहेबाच्या देशातली, असं म्हणून सुटका नाही. २०१२ साली शांतिनिकेतनात, पाठभवनाच्या वसतिगृहात, पाचवीतल्या मुलीनं अंथरूण ओलं केलं म्हणून तिला स्वतःची लघवी चाटायला लावल्याचा आरोप वॉर्डनवर झाला, अटकही झाली. रवींद्रनाथांच्या अंगणात. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यातलं सतरावं कलम शाळेत मारायलाही बंदी करतं आणि मानसिक छळालाही. वर्गात 'मुतऱ्या' म्हणणं हा छळच आहे. माझ्या मनात राहून राहून येतात ती मेळघाटातल्या, गडचिरोलीतल्या आश्रमशाळांमधली मुलं. सहा-सात वर्षांची, घर मागे पडलेलं, रात्री ओळीनं अंथरलेल्या सतरंज्या, शौचालय अंधाराच्या पलीकडे. तिथल्या अधीक्षकाला कोणी या विषयाचा एक तास तरी शिकवतं का?

मंडळी, आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते, म्हणजे आता जांभई देऊ नका. अंथरूण रात्री ओलं होतं म्हणून आपण सगळे रात्रीकडे बघतो. मी दिवसाकडे बघायला शिकले. पोराला विचारा, बाटलीतलं पाणी किती प्यायलास? बाटली भरलेली परत येते. का? कारण पाणी प्यायलं की जावं लागतं, आणि शाळेतल्या मुतारीत जायचं म्हणजे नाक दाबून जायचं. मुलींची दारं लागत नाहीत. वर्गात करंगळी वर केली की उत्तर मिळतं, मधल्या सुट्टीत जा. मधल्या सुट्टीत रांग. मग मूल शहाणं होतं. पाणीच पीत नाही, आणि आलेली दाबून धरतं. घरी आल्यावर तहान लागते, मग संध्याकाळपासून झोपेपर्यंत दिवसभराचा हिशेब पुरा होतो. वर मोठ्यांच्या बरोबरीनं कपभर चहा, आणि उन्हाळ्यात जेवणानंतर टरबूज. रात्री नऊ वाजता अर्धं टरबूज खाऊन गच्चीवर ओळीत झोपायचं आणि पहाटे पोराला झोडपायचं, हा काय न्याय झाला?

त्यातच बद्धकोष्ठ. शाळेत संडासाला जायचं नाही हे तर जवळजवळ ठरलेलंच असतं. कडक मळानं भरलेलं आतडं मूत्राशयाच्या पाठीला चिकटून बसतं आणि त्याची जागा खातं. कित्येक मुलांचं पोट साफ होऊ लागलं आणि रात्र आपोआप कोरडी झाली, हे मी पाहिलेलं आहे. पालक म्हणतात, "डॉक्टर, लघवीची तक्रार घेऊन आलो, तुम्ही संडासचं काय विचारता?" विचारावंच लागतं.

तेव्हा पहिला उपाय घड्याळाचा. दिवसभराच्या पाण्यातला मोठा भाग सकाळी आणि दुपारी, संध्याकाळनंतर फक्त पाचवा हिस्सा. पाणी तोडायचं नाही, फक्त वेळ बदलायची. मे महिन्यातल्या नागपुरात मुलाचं पाणी तोडणं हा गुन्हा आहे. दर दोन-तीन तासांनी लघवीला जायचं, आलेली असो वा नसो. संध्याकाळी चहा नाही, कोला नाही. झोपण्याआधी एकदा, आणि झोपायच्या खोलीपासून संडासापर्यंत एक मिणमिणता दिवा. चाळीत किंवा जुन्या वाड्यात संडास अंगणापलीकडे असेल तर मूल उठलं तरी जाणार नाही, हे लक्षात घ्या. एक बादली आत ठेवा. डिसेंबराच्या थंडीत तर नक्कीच ठेवा. आणि शिक्षक बसले असतील त्यांना हात जोडून सांगते, करंगळी वर झाली की जाऊ द्या. चौघे फसवतील, पाचव्याची खरीच असेल.

दुसरा उपाय गादीचा. चादरीखाली मेणकापड किंवा रबरशीट घाला. साधी गोष्ट आहे, पण गादी भिजली नाही तर ती दांड्यावर चढत नाही, आणि दांड्यावर चढली नाही तर ऑटोतल्या पोरांना मान वर करावी लागत नाही. उशाशी कोरडी चड्डी आणि एक चादर घडी करून ठेवा. ओलं झालं तर मुलानं आपली चादर बादलीत नेऊन टाकावी, शिक्षा म्हणून नव्हे. ताट उचलतो तसं. बक्षीस द्यायचं तर कोरड्या रात्रीबद्दल देऊ नका, ते त्याच्या हातात नाही. वेळेवर पाणी प्यायला, झोपताना जाऊन आला, याचं द्या. आणि मध्यरात्री अर्धवट झोपेत खांद्यावर टाकून संडासात उभं करणं, हे तुम्ही सगळे करता. चादर वाचते, हरकत नाही. पण त्यातून मूल उठायला शिकत नाही, कारण उठलेले तुम्ही असता.

उठायला शिकवणारं एक यंत्र आहे. त्याची जन्मकथा मजेची आहे. १९०४ च्या सुमारास मायनहार्ड फॉन फाउंडलर नावाच्या बालरोगतज्ज्ञानं वॉर्डातल्या परिचारिकांसाठी एक युक्ती केली. अंथरूण ओलं झालं की घंटी वाजायची, म्हणजे परिचारिकेनं येऊन कपडे बदलावेत. घंटी होती तिच्यासाठी. पण काही दिवसांनी दिसलं, की मुलांच्या खाटा कोरड्या राहू लागल्या आहेत! १९३८ मध्ये अमेरिकेतल्या मॉवरर या मानसशास्त्रज्ञ दांपत्यानं तिला रीतसर उपचाराचं रूप दिलं. आजचं यंत्र काडेपेटीएवढं असतं. चड्डीला लावायचं, पहिल्या थेंबाला वाजतं. पहिले काही आठवडे मूल सोडून घरातले सगळे उठतात. तेव्हा आईनं किंवा बापानं मुलाला पुरतं जागं करायचं, संडासात न्यायचं. दोन-तीन महिने नेटानं केलं तर तीनातल्या दोन मुलांना गुण येतो, आणि तो बऱ्यापैकी टिकतो. दोन खोल्यांत सहा माणसं झोपतात त्या घरात हे अवघड आहे, मला माहीत आहे. बाप रात्रपाळीला आणि आई पहाटे पाचला कामावर जाणारी असेल तर मी हे यंत्र लिहून देत नाही. अर्ध्यात सोडलेल्या उपचारानं मुलाला आणखी एक हार मिळते.

गोळीही आहे, डेस्मोप्रेसिन. त्या रात्रीच्या संप्रेरकाची नक्कल. घेतली त्या रात्री काम करते, थांबवली की बहुतेकांचं परत सुरू होतं. म्हणून ती सहलीला, मामाच्या गावी, लग्नघरी उपयोगाची. एक सक्त अट आहे. गोळीच्या तासभर आधीपासून पुढचे आठ तास पाणी जवळजवळ बंद. नाही तर शरीरात पाणी साचून रक्तातलं मीठ उतरतं आणि झटके येऊ शकतात. शेजारच्या मुलाची उरलेली गोळी आपल्या मुलाला कधीही देऊ नका.

आता तुमच्या मनातला प्रश्न. ताईत? गंडा? जवळच ताजबागचा दर्गा आहे, बाबा ताजुद्दीनांचं वास्तव्य याच सक्करदऱ्यात राजे रघुजी भोसल्यांकडे होतं. तिथला धागा बांधलेली मुलं माझ्याकडे येतात, आणि मी तो कधी सोडायला लावलेला नाही. शासकीय आयुर्वेद महाविद्यालयही आपल्याच भागात. शारंगधरसंहितेत शय्यामूत्र हा बालरोगांतच मोजलेला आहे, आणि काळे तीळ-गूळ तर प्रत्येक आजीला ठाऊक. या सगळ्यांनी गुण येतो का? येतो असं दिसतं खरं. कारण काही केलं नाही तरी दरवर्षी शंभरातल्या पंधरा मुलांचं हे आपोआप थांबतं. ज्याचा धागा त्या महिन्यात हाताला असेल, श्रेय त्याला. प्रामाणिकपणे सांगायचं तर गुण आला म्हणून माझ्याकडे आलेल्या पेढ्यांच्या डब्यांपैकीही काही या पंधरातलेच असणार. धागा बांधा, तीळगूळ द्या. फक्त चटका, मिरचीची धुरी, उपाशी झोपवणं, यातलं काही कोणी सांगितलं तर पाठ फिरवून या.

वाट कधी बघायची नाही, तेवढं सांगते. सहा महिने कोरडं असलेलं मूल अचानक पुन्हा ओलं करू लागलं. खूप तहान, खूप लघवी आणि वजन उतरतंय, तर त्याच दिवशी साखर तपासा. मधुमेह मुलांनाही होतो. लघवीला जळजळ, ताप. दिवसाही चड्डी ओली. धार थेंबथेंब. रात्री जोरात घोरणं, तोंड उघडं ठेवून झोपणं. चालण्यात फरक, किंवा कमरेच्या मधोमध खळगा वा केसांचा पुंजका. आणि मूल एखाद्या घरी, एखाद्या माणसाकडे जायला एकाएकी भिऊ लागलं असेल, तर अंथरूण बाजूला ठेवा, आधी त्याला जवळ घेऊन विचारा. मेडिकल कॉलेज आपल्यापासून दूर नाही, तिथे बालरोग विभाग आहे. बहुतेक मुलांना एक साधी लघवीची तपासणी आणि निवांत प्रश्न विचारणारा डॉक्टर एवढंच लागतं.

त्या चिठ्ठीतल्या मुलाचं काय झालं, हे राहिलंच. त्याला सहलीच्या दोन रात्रींपुरती गोळी दिली, गुरुजींच्या कानात दोन शब्द सांगितले. परत आल्यावर गुरुजींनी मला पुन्हा अर्धा कागद पाठवला. मुलगा आला होता, एवढंच लिहिलं होतं. कोरडा राहिला की नाही, ते त्यांनी लिहिलं नाही आणि मी विचारलं नाही.

आता प्रश्नोत्तरं. मागच्या टेबलावर कोरे कागद आणि एक डबा ठेवलेला आहे. नाव लिहू नका. 'माझ्या शेजाऱ्यांच्या मुलाला' असं लिहिलंत तरी चालेल, मला या सक्करदऱ्यात सगळ्यांचे शेजारी माहीत आहेत.